कापायचं काय त्यानं?

गेल्या वर्षी फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे आठ महिने मी एका चाकूची वाट पाहिली. घडीचा चाकू. म्हणजे ज्याचं पातं मुठीत मिटतं तो. मिटल्यावर जेमतेम तळहाताएवढा, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, किंमत साडेपाचशे डॉलर. रुपयांत अठ्ठेचाळीस हजार. आकडा सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण घरी तो मी सहा महिने सांगितला नव्हता आणि आता लपवायचा कंटाळा आलाय.

चाकूचं नाव मात्र लिहीत नाही. हा लेख वाचून अजून दोन जण त्याच्या मागे लागले तर ते पाप मला नको, आणि सोडतीत दोन स्पर्धक वाढलेलेही नकोत. (हो, सोडत. अशा चाकूंना मागणी इतकी असते की पैसे द्यायची परवानगी मिळावी म्हणून आधी नाव नोंदवावं लागतं. म्हाडाच्या घरासारखं.)

मी सिन्नरला राहतो आणि पुण्यातल्या एका कंपनीचं बॅकएंडचं काम घरून करतो. घरात आई, वडील आणि आजी. आजी शहात्तर वर्षांची आहे. मार्चमध्ये केव्हातरी मी तिला चाकूचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ धरला, बोटांनी फोटो मोठा केला. नीट पाहिला. मग म्हणाली, "छान आहे रे. कापायचं काय त्यानं?"

मी म्हणालो, "काहीही."

"काहीही म्हणजे काय?"

ते मला सांगता आलं नाही. आणि पुढचे सात महिने तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी ज्यांना या नादाची काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं. मला हे लागलं २०१९च्या अखेरीस. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं, सबमिशनं डोक्यावर होती, आणि मी रात्री दोन वाजता अमेरिकेतल्या कुणा अनोळखी माणसाचे फक्त हात पाहत होतो. चेहरा नाही, नुसते हात, आणि त्या हातात 'सेबेंझा ३१' नावाचा नवीन चाकू. सेबेंझा बनवणारा क्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, नंतर अमेरिकेत आयडाहोमध्ये स्थायिक झालेला. मूठ टायटॅनियमची, आणि त्या मुठीचाच एक भाग स्प्रिंगसारखा आत सरकून उघड्या पात्यामागे अडकतो. त्यामुळे पातं बोटांवर मिटत नाही. वेगळं कुलूप नाही, मूठच कुलूप. आज जगभरातले शेकडो चाकू हीच रचना वापरतात. २०१९च्या आवृत्तीत काय नवीन होतं? जिथे कुलूप पात्याला टेकतं तिथे सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवली होती, आणि खिशाला अडकवायची क्लिप जराशी तिरकी केली होती. बस. त्या गोळीवर लोक ज्या गांभीर्याने बोलत होते ते पाहून मी आधी हसलो. पंधरा दिवसांनी माझंही त्या गोळीबद्दल मत तयार झालं होतं.

मग पोलादाचा नाद लागला. २०२१मध्ये 'मॅग्नाकट' नावाचं पोलाद आलं. ते तयार करणारा लॅरिन थॉमस हा धातुशास्त्रात पीएचडी केलेला माणूस, आणि त्याचे वडील दमास्कस पोलाद घडवणारे कारागीर. स्टेनलेस पोलादाची जुनी अडचण अशी की गंज लागू नये म्हणून क्रोमियम घालावं, तर त्याचे मोठे कठीण कण तयार होतात आणि पातं ठिसूळ व्हायला लागतं. थॉमसने मिश्रण असं बसवलं की ते कण जवळपास तयारच होत नाहीत. मग पोलाद कठीणही राहतं, चिवटही, आणि गंजतही नाही. कॉलेजात मटेरिअल सायन्सच्या पेपरला मला काठावर मार्क होते. तो विषय मला खरा समजला तो या नादापायी. हे मी नादाच्या बाजूने नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याच्या विरुद्ध बरंच येणार आहे.

माझा चाकू, म्हणजे ज्याची मी वाट पाहत होतो तो, मॅग्नाकटचा होता. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

आता एक गंमत. 'सेबेंझा' हा झुलू भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे काम. पात्याला गोल भोक पाडून ते एका अंगठ्याने उघडायची सोय करणारी स्पायडर्को ही दुसरी मोठी कंपनी. तिचा १९८१मधला पहिला घडीचा चाकू होता 'वर्कर', म्हणजे कामगार. या आधुनिक चाकूंच्या दोन मूळपुरुषांची नावं काम आणि कामगार. आणि त्यांच्यासाठी जीव टाकणारी आमची जमात? आम्ही कुरिअरचे खोके उघडतो. त्यातल्या काही खोक्यांत चाकूच असतात.

इथे तर तेवढंही नाही. खिशात ठेवायचा चाकू मी खिशात ठेवून सिन्नरहून नाशिकला जाणार आहे का? कायद्याने तसा तो शस्त्र ठरत नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची अट आहे, आणि माझ्या चाकूचं पातं सव्वातीन इंच. पण सणावाराला, निवडणुकीला, मोर्चाला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७खाली मनाई आदेश निघतात. त्यांत हत्यारांच्या यादीत सुरे-चाकू आले की बस स्टँडवरच्या हवालदाराला सिरॅमिकची गोळी समजावून सांगणं मला जमणार नाही. शिवाय आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो रामपुरी, हिंदी सिनेमातला. आईने ऐकल्याबरोबर विचारलं होतं, "असलं घरात कशाला?" म्हणजे खिशातला चाकू, जो खिशात जाणार नाही. कामाचा चाकू, ज्याला काम नाही. आणि एप्रिलपर्यंत तर तो चाकूही नव्हता, फक्त चार फोटो होते.

अठराव्या शतकात जर्मनीत गेओर्ग ख्रिस्टोफ लिश्टेनबर्ग नावाचा एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. अतिशय मिश्कील माणूस. त्याने एकदा एका काल्पनिक लिलावाची यादी लिहिली. त्यात विकायला ठेवलेल्या वस्तूंत एक होता असा चाकू, ज्याला पातं नाही आणि ज्याची मूठही हरवलेली आहे. विनोद आहे, वाचून हसायचं आणि सोडून द्यायचं. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी आठ महिने हाताळत होतो तो हाच. न पातं, न मूठ. तरी त्याच्याविषयी मला सगळं माहीत होतं. पातं किती अंशात घासलंय, मूठ कुठे कमरेसारखी आत घेतलीय, उघडताना आवाज कसा येईल. आवाजाचीही मी कल्पना करायचो. रात्री झोपताना.

कॉलिन कॅम्पबेल या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचं १९८७चं एक पुस्तक आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आधुनिक गिऱ्हाईक वस्तूचा हावरट नसतो, तो दिवास्वप्नाचा हावरट असतो. नवीन वस्तूभोवती तो मनात एक चित्र रंगवतो आणि खरं सुख त्या चित्रातून घेतो. वस्तू हातात आली की ती चित्राएवढी सुंदर नसते, म्हणून चित्र पुढच्या वस्तूवर सरकतं. यात माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला धक्का बसण्यासारखं काहीच नाही. आमच्याकडे पुढच्या तिमाहीत येणारं व्हर्जन नेहमीच निर्दोष असतं. बग असतात ते चालू व्हर्जनमध्ये.

पण कॅम्पबेलने कारण सांगितलं म्हणून माझा प्रश्न सुटला नाही. माझा प्रश्न असा होता की यात वाईट काय आहे? मी कुणाचं नुकसान करत नव्हतो. आठ महिने मला रोज थोडंसं सुख मिळत होतं, तेही फुकट. चाकू येईपर्यंत एक रुपया गेलेला नव्हता. वाट पाहणं हेच जर सुख असेल तर अठ्ठेचाळीस हजार ही आठ महिन्यांची तिकिटं समजा. महिन्याला सहा हजार. लोक यापेक्षा जास्त खर्च करून यापेक्षा कमी सुखी असतात.

या युक्तिवादाला एक ठरलेलं उत्तर आहे आणि ते माझ्या घरातच बसलेलं होतं. आजीने आयुष्यभर बिड्या वळल्या. सिन्नरच्या कितीतरी घरांचा संसार बिडीवर चालला, आमचाही. कारखान्यातून पानं आणि तंबाखू तोलून मिळायची. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. तपासणीत बाद झालेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. अशा बाईच्या नातवाने अठ्ठेचाळीस हजारांचा चाकू घ्यावा, ज्याने तो काहीही कापणार नाही?

हे वाक्य लिहिलं की लेख संपायला हवा. वाचणाऱ्याला जे वाटायचं ते वाटतं, लिहिणाऱ्याला लाज वाटते, सगळे घरी जातात. मीही मे महिन्यात एका रात्री अशी लाज वाटून घेतली आणि सोडतीतून नाव काढायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी आजी दुधाची पिशवी कापत होती. मी सहज म्हणालो, "आजी, तुला कधी असली काही वस्तू हवीशी वाटली होती का? गरज नसलेली?"

माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, आमच्या वेळी कुठली रे हौस. तसं म्हणाली असती तर माझं काम झालं असतं.

ती म्हणाली, "ही काय." आणि हातातली कात्री वर केली.

मेरठची कात्री. मेरठच्या कात्र्या नावाजलेल्या आहेत, २०१३मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या भंगारातल्या पोलादापासून, गाड्यांच्या जुन्या पाट्यांपासून घडवत आल्यात, आणि त्यांच्याविषयी हिंदीत म्हण आहे की आजोबाने घ्यावी आणि नातवाने वापरावी. आजीला म्हण माहीत नव्हती. तिला दुकान माहीत होतं. तिच्याकडे तेव्हा कात्री होती, चालणारी होती, पानं कापत होती. पण एका दुकानात काचेच्या कपाटात ही लागली होती, पितळी मुठीची. माझे वडील तेव्हा तिसरीत होते. आजी कारखान्यात बिड्या द्यायला जाताना त्या दुकानावरून जायची. तो रस्ता लांबचा होता.

"लांबचा मग त्या रस्त्याने कशाला?"

"बघायला."

सव्वा वर्ष बघत होती ती. किंमत तिला अजून आठवते, चौदा रुपये. आजोबांना सांगितलं नव्हतं. दुकानदाराने एकदा आपणहून हातात दिली, तर घेतली नाही, कारण "हातात घेतली असती तर ठेववली नसती." हे वाक्य ऐकून मी ओट्यावरच बसलो. चाकूच्या नादातल्या कुठल्याही माणसाला विचारा, या वाक्याचा अर्थ तो सांगेल.

म्हणजे माझी लाज चुकीच्या पायावर उभी होती. गरिबाला फक्त गरजा असतात आणि आवडी या पैसेवाल्यांनी लावून घेतलेल्या सवयी आहेत, असं मी न बोलता धरून चाललो होतो. त्यात आजीचा अपमान होता. मी तिला मजुरी आणि हजारी एवढ्यातच बसवली होती. तिने एका वस्तूवर सव्वा वर्ष जीव लावला होता, फोनशिवाय, व्हिडिओशिवाय, आणि ते सव्वा वर्ष तिला चांगलं आठवत होतं. कात्रीपेक्षाही जास्त चांगलं, असं मला तिच्या बोलण्यावरून वाटलं.

मग फरक काय आमच्यात? आहे फरक, हे मला कळत होतं, पण तो किमतीचा नव्हता.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, हौस आणि नाद. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांची क्रियापदं बघा. हौस फिटते. कर्ज फिटतं तशी. म्हणजे हौस हे देणं आहे, स्वतःचं स्वतःला, आणि ते कधीतरी चुकतं होतं. नाद फिटत नाही. नाद लागतो आणि नाद सुटतो. कुत्रं मागे लागावं तसा लागतो. सुटला तर आपोआप सुटतो, किंवा कुणी सोडवतं. 'माझा नाद फिटला' असं मराठीत कुणी म्हणत नाही. भाषेने हा फरक करून ठेवलाय आणि मी सहा वर्षं दोन्हींना इंग्रजीत हॉबी म्हणत होतो.

आजीची हौस फिटली. मी विचारलं, "घेतल्यावर काय झालं?" तर तिला प्रश्नच समजला नाही. घेतल्यावर काय व्हायचं? दुसऱ्या दिवशी पानं कापली. पहिले काही दिवस कात्रीकडे लक्ष जायचं, मग पानाकडे जायला लागलं. बोटाला पितळ रुतायचं म्हणून महिन्याभरात मुठीला चिंधी गुंडाळली. ज्या मुठीसाठी सव्वा वर्ष लांबचा रस्ता धरला, ती मूठ चिंधीखाली गेली. त्याचं तिला काही वाटलं नव्हतं. कामाने हौस गिळून टाकली होती.

इथे मला एक जुनी चिनी गोष्ट आठवते. च्वांग त्सूच्या ग्रंथात तिंग नावाचा एक खाटीक आहे. साधा खाटीक दर महिन्याला सुरा बदलतो कारण तो हाडावर घाव घालतो, चांगला खाटीक वर्षाला बदलतो. तिंगचा सुरा एकोणीस वर्षांचा आहे, त्याने हजारो बैल कापलेत, आणि धार सहाणेवरून आत्ता उतरल्यासारखी आहे, कारण तो सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतूनच पातं फिरवतो. गोष्टीत सुरा कुठल्या पोलादाचा होता याविषयी एक अक्षर नाही. मी शोधलं होतं. आमच्या जमातीतला माणूस ही गोष्ट वाचून पहिली ही शंका काढतो.

जूनमध्ये मी आणखी एक उद्योग केला. माझा शाळेतला मित्र मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूम चालवतो. प्रेसच्या डाय बनवतो. त्याला मी चाकूचे फोटो दाखवले, आणि स्वस्तातले चाकू डी-टू पोलादाचे असतात हेही सांगितलं. तो हसला. "अरे, डी-टू म्हणजे आमचं डायचं मटेरिअल. त्या कोपऱ्यात तुकडे पडलेत बघ." खरंच पडले होते. साडेपाचशे डॉलर ऐकल्यावर तो म्हणाला, "आपण बनवू की. वायरकट आपलं, ग्राइंडिंग आपलं. डाय हार्डनिंगला जातील त्याच्यात पातं टाकून देऊ."

मला त्या क्षणी काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला थोडं वाईट वाटलं. घरापासून सात-आठ किलोमीटरवर, ओळखीच्या हातांनी बनलेला चाकू मला नको होता. त्याची वाट पाहता आली नसती. त्यात फोटो नाहीत, सोडत नाही, लांबून येणं नाही. मित्राच्या डायवर देशातल्या गाड्यांचे भाग बनतात, पण त्याच्या हाताला 'कारागिरी' म्हणायचं मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं. तो शब्द मी आयडाहोसाठी राखून ठेवला होता.

तरी बनवला. पाच रविवार गेले. पातं झकास झालं. वायरकटवर आकार हुबेहूब निघाला, कडकपणा साठच्या जरा खाली भरला. पात्याच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे वॉशर लावले, तेही त्याच्याकडेच होते. घोडं अडलं कुलपावर. स्टेनलेसच्या पट्टीला काप देऊन स्प्रिंग केली. पहिली पट्टी पात्यामागे पुरती सरकून पलीकडे गेली, म्हणजे कुलूप लागलं आणि निघेना. दुसरी अर्ध्यात अडकली, दाबल्यावर पातं मिटायला लागलं. तिसरी बरी झाली. मग मिटलेलं पातं मुठीच्या मधोमध येईना, एका बाजूला घासायचं. मित्र डायमध्ये दहा मायक्रॉन रोज मारतो, पण डाय उघडझाप करत नाही अंगठ्याने. पाचव्या रविवारी तो पातं उघडून-मिटून बघत बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साडेपाचशे डॉलर जास्त नाहीत रे."

तो चाकू त्याच्याकडेच आहे. टूलरूममध्ये पॅकिंगच्या पट्ट्या कापायला रोज वापरतात. पातं अजून एका बाजूला घासतं.

जुलैत सोडत झाली आणि माझा नंबर लागला. अठ्ठेचाळीस तासांत पैसे भरायचे होते. मी अठरा मिनिटांत भरले. चुलतभाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्या पत्त्यावर मागवला. तो दिवाळीला येताना चेक-इन बॅगेतून घेऊन आला. वसुबारसेच्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून खोका उघडला.

चाकू उत्तम होता. इथे काहीतरी मोहभंग लिहिला तर गोष्ट नीट बसेल, पण तसं झालं नाही. पातं मधोमध होतं, केसाएवढंही इकडेतिकडे नाही. पाच रविवार घालवल्यामुळे ते मधोमध असणं काय आहे हे मला आता हाताने कळत होतं. उघडतानाचा आवाज मी कल्पना केला होता त्याहून खाली, जाडसर होता, आणि जास्त चांगला. कॅम्पबेल इथे चुकला असं मला वाटलं. दोन दिवस मी तो खिशात घेऊन घरातल्या घरात फिरलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी आजी सरबतासाठी लिंबं कापायला बसली. विळी दुसरीकडे अडकली होती. चाकू माझ्यासमोर टेबलावर उघडा होता. तिने तो उचलला. बरोबर धरला, हे मला लगेच दिसलं. अंगठा जिथे यायला हवा तिथे आपोआप आला, कुणी न सांगता. लिंबावर पातं टेकवलं.

आणि मी तिच्या हातातून चाकू काढून घेतला.

"राहू दे आजी, मी दुसरा देतो," असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, "हं, बरं," आणि हात पदराला पुसला. लिंबू अजून कापलेलंही नव्हतं, हात ओला नव्हता. तिने तरी पुसला.

लिंबाने डाग पडेल, असं माझ्या मनात आलं होतं. मॅग्नाकटवर! ज्या पोलादाला लिंबूच काय, खारं पाणीही सहज काही करत नाही. याच गुणासाठी मी ते निवडलं होतं, चार जणांना त्यावर व्याख्यान दिलं होतं, क्रोमियमचे कण वगैरे. आठ महिने जे मला तोंडपाठ होतं त्याच्यावर परीक्षेच्या वेळी माझा विश्वास नव्हता. मग ते ज्ञान कशाविषयी होतं? मी काय वाचवत होतो तिच्या हातातून?

अॅरिस्टॉटल एका ठिकाणी म्हणतो की कुऱ्हाड जर सजीव असती तर तोडणं, म्हणजे कुऱ्हाड असणं, हाच तिचा आत्मा झाला असता. तो काढून घेतला तर उरेल ती नावापुरती कुऱ्हाड. मी हे वाचलं होतं तेव्हा ते मला ठोकळेबाज वाटलं होतं. वस्तूला काय एकच अर्थ असतो? लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, ती कुठे पत्रांना लावतात? सुंदर वस्तू नुसती बघण्यात गैर काही नाही, आजीनेही सव्वा वर्ष तेच केलं. अजूनही मला अॅरिस्टॉटल पूर्ण पटत नाही. पण त्या दुपारी टेबलावर दोन चाकू होते. एक मॅग्नाकटचा, आजीच्या अंगठ्याला ओळखणारा, लिंबू कापायला तयार. दुसरा लिश्टेनबर्गचा, न पात्याचा न मुठीचा, ज्याला डाग पडू शकत होता. मी दुसरा वाचवायला पहिला हिसकावून घेतला. वाट पाहण्यात वाईट काय, या मे महिन्यातल्या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर होतं. माणसाच्या हातातून वस्तू काढून घेताना मला क्षणभरही विचार करावा लागला नव्हता.

पैशांचं मला आजही तितकं वाईट वाटत नाही. हे लिहिताना बरं दिसत नाही, पण तसं आहे.

पाडव्याला मी तिला चाकू नेऊन दिला आणि लिंबू कापायला सांगितलं. नाटकीच होतं ते, मला कळत होतं. तिलाही कळलं असणार. तिने लिंबू कापलं, म्हणाली, "धार चांगली आहे. पण मिटायला भीती वाटते रे, तूच मिट." मग दुधाच्या पिशवीला तिने आपली कात्रीच घेतली.

त्यानंतर चाकू स्वयंपाकघरात असतो, चमच्यांच्या ट्रेमध्ये. आई त्याने डाळिंबं सोलते, सालीवर चिरा पाडायला सव्वातीन इंच बरोबर पडतात म्हणे. एका बाजूला मूठ घासली गेलीय, बहुतेक किसणीला लागून. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा पोटात काहीतरी हललं. मी कुणाला बोललो नाही. पाडव्यापासून आजीने मात्र तो स्वतःहून एकदाही उचललेला नाही. पुढे केला तर घेते.

जानेवारीत त्याच कंपनीने पुढच्या चाकूचा फोटो टाकला. एकच फोटो, अर्धवट अंधारात, मुठीची कड फक्त दिसते. मी तो आजवर किती वेळा मोठा करून पाहिला ते सांगत नाही. नाव नोंदवायची मुदत या रविवारपर्यंत आहे. मित्राला पाठवला, तर त्याचं उत्तर आलं, "या वेळी कुलपाला टायटॅनियम मागवू का?"

मी अजून दोघांनाही काही कळवलेलं नाही.